होमस्कूलिंगसाठी आसपासची माणसं जमवताना : प्रकल्प नोंदी

२ जून २०२५

याला प्रकल्प म्हणायला जरा हसूच येतंय, पण तारीख टाकून लिहिलं नाही की काम रेंगाळतं, म्हणून ही वही. थोरली अकराची, धाकटा सातचा, दोघंही शाळेत जात नाहीत, घरी शिकतात. वाचन, गणित, लिखाण हे घरात नीट चाललंय. स्क्रॅचवर (मुलांसाठीचं प्रोग्रॅमिंग) थोरली तासन् तास बसते, खान अकॅडमीच्या ऑनलाइन धड्यांवरून तिचं बीजगणितही सुरू झालंय, त्याची काळजी नाही. काळजी आहे ती जे घरात होऊच शकत नाही त्याची. थोरलीला आईबाप सोडून इतर कोणाशी तरी वाद घालायला हवाय, धाकट्याला हाताला काम हवंय आणि आम्हा दोघांना आठवड्यातले दोन-तीन तास तरी असे हवेत की मुलांना दुसरं कोणीतरी काहीतरी दाखवतंय आणि आपण मागे गप्प बसलोय.

सप्टेंबरपर्यंत तीन गोष्टी व्हायला हव्यात. एक ठरलेली जागा आणि ठरलेला वार. आमच्याशिवाय किमान दोन मोठी माणसं जी काहीतरी शिकवतील. आणि थोरलीच्या दहावीच्या परीक्षेचा रस्ता कागदावर. बास, यापेक्षा जास्त लिहिलं तर काहीच होणार नाही.

५ जून

आधी कायदा. दुसऱ्या पालकांना बोलवायचं म्हणजे पहिला प्रश्न हाच येणार, "चालतं का हे?" आणि त्यावर "हो हो चालतं" असं ऐकीव उत्तर देऊन भागत नाही.

देशागणिक इतका फरक आहे की एकाचा सल्ला दुसऱ्याला उपयोगाचा नाही. चुलतभाऊ जर्मनीत आहे, तिथे शाळेत घालणं सक्तीचंच, आणि २०१९ मध्ये युरोपियन मानवी हक्क न्यायालयानेही जर्मनीच्या बाजूनेच निकाल दिला. फ्रान्समध्ये आधी नुसतं कळवलं की पुरायचं, २०२१ च्या कायद्यानंतर २०२२ पासून परवानगी घ्यावी लागते. इंग्लंडच्या १९९६ च्या कायद्यात मुलाचं शिक्षण शाळेत किंवा अन्य मार्गाने करा असं लिहिलंय, त्या "अन्य मार्गाने" वर सगळे उभे आहेत. न्यूझीलंडमध्ये सूट मिळवण्यासाठी अर्ज करायचा आणि नोंदणीकृत शाळेइतकंच नियमित, तितकंच चांगलं शिकवू हे पटवून द्यायचं. अमेरिकेत पन्नासही राज्यांत चालतं, पण टेक्सासमध्ये कोणाला कळवायचीही गरज नाही आणि पेनसिल्व्हेनियात दरवर्षी मुलाच्या कामाची फाइल दाखवून तपासून घ्यावी लागते.

भारतात आरटीई, म्हणजे शिक्षण हक्काचा कायदा, २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू, वय ६ ते १४. कलम १० मध्ये मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हणून लिहिलंय, पण न घातल्यास पालकाला शिक्षा अशी लिहिलेली नाही. घरी शिकणाऱ्या मुलांसाठी वेगळं कलमच नाही. म्हणजे बंदी पण नाही आणि मान्यता पण नाही, असं अधांतरी. विचारणाऱ्याला हे जसं आहे तसं सांगायचं. गुळमुळीत बोललं की लोकांना वाटतं काहीतरी लपवतोय.

९ जून

कोण हवंय याची यादी करायला बसलो तर हिनं कागद ओढून घेतला आणि तीन रकाने पाडले. जागा, माणूस, सोबत. म्हणाली तू तिन्ही गोष्टी एकाच कुटुंबाकडून मागतोयस म्हणून कोणी सापडत नाही, होमस्कूलिंग करणारे आपल्यासारखेच दमलेले असतात, त्यांच्याकडे जागा पण नसते आणि वेळ पण नसतो. पटलं. जागा त्याच्याकडे मागायची ज्याची जागा अमुक वेळेला रिकामी पडलेली असते. शिकवणं त्याच्याकडे मागायचं ज्याला ते काम येतं. आणि सोबतीला कुठलीही मुलं चालतील, शाळेत जाणारी पण.

हे वाचायला साधं वाटतं, पण यामुळे शोधायची ठिकाणं एकदम बदलली. "इथे होमस्कूलर कोण आहेत" याऐवजी "बुधवारी सकाळी कुठली जागा रिकामी असते" हा प्रश्न विचारायचा.

१२ जून

मेसेजचा मसुदा. पहिल्या खेपेत "समविचारी पालक", "पर्यायी शिक्षण", "सर्वांगीण विकास" असलं बरंच काही आलं होतं, ते सगळं हिनं खोडलं. आता असा आहे :

"आमची दोन मुलं, ११ आणि ७ वर्षं, घरी शिकतात. दर बुधवारी सकाळी ११ ते १ काही मुलांनी एकत्र बसून हाताने काहीतरी करावं असं वाटतंय. प्रत्येक मुलाबरोबर एक मोठं माणूस थांबेल. फी नाही, सामानाचा खर्च वाटून. वय ६ ते १३. तुमचं मूल शाळेत जात असेल आणि त्या वेळेला मोकळं असेल तरी चालेल. यायचं असेल तर मुलाचं वय आणि त्याला काय करायला आवडतं ते कळवा."

शेवटचं वाक्य मुद्दाम टाकलंय. ज्याला उत्तरात दोन ओळी लिहायचा कंटाळा आहे तो बुधवारी येणार नाही हे आधीच कळतं.

पाठवायचं कुठे यावर थोडा वेळ गेला. सोसायटीचा ग्रुप, ग्रंथालयातला नोटीस बोर्ड, मुलांच्या डॉक्टरांचं वेटिंग रूम (त्यांना विचारून), पोहण्याच्या क्लासबाहेर बसलेले पालक. बालनाट्य आणि चित्रकलेच्या सकाळच्या बॅचेसकडे लक्ष ठेवायचं, शाळेच्या वेळेत जी मुलं तिथे दिसतात त्यांचे आईबाप बहुतेक आपल्यातलेच.

जॉन होल्ट या शिक्षणावर लिहिणाऱ्या लेखकानं १९७७ मध्ये अमेरिकेत घरी शिकवणाऱ्यांसाठी एक छोटं नियतकालिक काढलं, त्यात ज्या कुटुंबांची तयारी असेल त्यांची नावं-पत्ते छापायचे, की आसपासच्यांनी एकमेकांना गाठावं. होल्ट १९८५ मध्ये गेला, नियतकालिक २००१ पर्यंत चाललं. तेव्हा पत्र टाकून वाट बघत बसायचे. आपल्याला निळ्या टिका तरी दिसतात, उत्तर आलं नाही की राग यायला तेवढं पुरतं.

१६ जून

ग्रंथालय. सकाळी वाचनकक्षात वर्तमानपत्र वाचणारे दोन-तीन आजोबा असतात आणि बालविभाग पूर्ण रिकामा. ग्रंथपाल बाईंकडे गेलो. "होमस्कूल ग्रुप" हा शब्द काढलाच नाही, कारण मग त्यांना वरून परवानगी आणावी लागली असती. सरळ म्हटलं, मॅडम, बालविभागातलं मोठं टेबल बुधवारी दोन तास मिळेल का, आठ-दहा मुलं असतील, प्रत्येकाबरोबर पालक, गोंगाट होणार नाही याची जबाबदारी माझी. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या, गोंद-रंग वापरणार का आणि मुलं सभासद आहेत का. रंग बाहेरच्या व्हरांड्यात, आणि सगळ्यांना सभासद करू, असं ठरलं. रजिस्टरला दर वेळी सही.

मला वाटतं त्यांच्या दृष्टीने हा सौदा चांगलाच आहे, बालविभागाचे सभासद वाढतायत. लोकांकडे काही मागताना त्यांचं त्यात काय आहे ते आपल्याला माहीत असलं की बोलताना अजीजी येत नाही.

२५ जून

पहिला बुधवार. मेसेजला उत्तरं बरीच आली होती, प्रत्यक्षात पाच कुटुंबं आली. दोन पूर्ण होमस्कूलिंगवाली, एकांची मुलगी आजारपणामुळे वर्षभर शाळेतून बाहेर आहे, एकांची शाळा दुपारची, आणि एक आजी नातवाला घेऊन आल्या होत्या, त्यांना नक्की काय चाललंय ते शेवटपर्यंत कळलं नाही पण पुढच्या वेळी येणार म्हणाल्या.

काही शिकवलं नाही. पत्त्यांचे डाव, पुठ्ठ्याचे पूल (दोन पुस्तकांमध्ये पुठ्ठा टाकून त्यावर किती नाणी राहतात), आणि पळापळ. कागदाला घड्या घातल्या की तो जास्त वजन घेतो हे एका नऊ वर्षांच्या मुलाने शोधून काढलं आणि मग कोणालाच दुसरं काही करायचं नव्हतं.

२ जुलै

मुलांपेक्षा पालकांचं जास्त झालं आज. एक कुटुंब अनस्कूलिंगवालं आहे, टाइमटेबल नाही, पाठ्यपुस्तक नाही, मूल विचारेल तेव्हाच. दुसऱ्या घरात सकाळी आठला घंटा वाजते म्हणे, खरीखुरी, पितळेची. दोघं एकमेकांना पटवत बसले आणि मुलं तिकडे कंटाळून टेबलाखाली.

माझं मत असं की आठवड्यातल्या दोन तासांसाठी हे ठरवायची गरजच नाही. घरी कोण कसं शिकवतो हा ज्याचा त्याचा प्रश्न, इथे फक्त त्या दिवशी काय करायचं आणि सामान कोण आणणार एवढंच बोलायचं. शाळा सोडल्यावर आधी काही काळ मुलाला नुसतं मोकळं सोडा, शाळेच्या दर वर्षामागे एक महिना, असा एक हिशोब या वर्तुळात फिरत असतो, त्यावरही आज अर्धा तास गेला. तो हिशोब कुठल्या अभ्यासातून आलेला नाही, अंदाजाचा नियम आहे, कोणाला धीर येत असेल तर येऊ दे.

पुढच्या वेळेपासून तत्त्वचर्चा बाहेरच्या कट्ट्यावर, एक वाजल्यानंतर.

७ जुलै

माणूस या रकान्यात पहिलं नाव. आमच्या कपाटाचं काम केलेले सुतारकाका. त्यांना वर्कशॉपमध्ये जाऊन विचारलं, महिन्यातून दोनदा तासभर चार-पाच मुलांना अवजारं धरायला शिकवाल का. आधी साफ नाही म्हणाले. शिकवणं आपल्याला जमत नाही, आपण सातवी पास. मग म्हटलं शिकवू नका, एक पाट करायचाय तो मुलांकडून करून घ्या आणि चुकलं की ओरडा. हसले. म्हणाले ओरडायला जमेल.

त्यांच्या अटी : मशीन बंद असतानाच मुलं आत, फक्त हाताची अवजारं, पायात बूट, सैल कपडे नकोत, आणि एका वेळी चारच. आमची अट : त्यांच्या वेळेचे पैसे घ्यायचे. त्यावर बरीच ओढाताण झाली, शेवटी घेतले. फुकट मागितलेला वेळ दोनदा मिळतो, तिसऱ्यांदा "जरा काम आलंय" होतं, आणि त्यात त्यांचं काहीच चुकत नाही.

आणि निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "ते सगळं ठीक आहे, पण पोरांना शाळेत घाला हो."

१६ जुलै

अपूर्णांक म्हटलं की थोरलीचा चेहरा पडतो, घरी यावर आमची भरपूर रडारड झालेली आहे. आज काकांनी तिच्या हातात फळी आणि टेप दिला. किती भरली? साडेअकरा इंच आणि थोडं. थोडं म्हणजे किती सूत? तिला सूत माहीत नव्हतं. त्यांनी टेपवरच्या रेघा दाखवल्या, इंचाचे आठ भाग, एक भाग म्हणजे एक सूत. मग तिनं मोजलं, अकरा इंच पाच सूत. आता मध्य काढ.

मी मागे उभा होतो आणि तोंड दाबून धरलं होतं. ती पुटपुटत होती. अकराचे निम्मे साडेपाच, वरचा अर्धा इंच म्हणजे चार सूत, पाच सुताचे निम्मे अडीच, म्हणजे पाच इंच साडेसहा सूत. काकांनी टेप लावला, पेन्सिलीची खूण बघितली, "हां" म्हणाले आणि दुसऱ्या मुलाकडे वळले. शाबासकी नाही, टाळ्या नाहीत, काही नाही. मग करवत धरताना सांगितलं की रेघेवर कापू नको, रेघेच्या टाकाऊ बाजूने काप, करवत पण लाकूड खाते. दोन तुकडे जोडून बघितले तर मूळ फळीपेक्षा जेमतेम दोन-तीन मिलिमीटर कमी भरले, ते कुठे गेले हे शोधायला तिने खालचा भुसा चिमटीत घेऊन बघितला.

घरी आल्यावर वहीत मी काहीच न बोलता ९३/८ लिहून ठेवलं आणि त्याला दोनने भागायला सांगितलं. ९३/१६ आलं. म्हणजे ५ पूर्णांक १३/१६. "हे तर साडेसहा सूतच आहे," म्हणाली, जरा चिडूनच, जणू मी इतके दिवस मुद्दाम अवघड करून सांगत होतो.

धाकट्याला रंधा मारायला दिला होता. लाकडाचे लांब कुरळे घेऊन आलाय घरी, खिशात अजून आहेत.

२३ जुलै

माणूस क्रमांक दोन ग्रंथालयातच सापडला. रोज पेपर वाचायला येणारे आजोबा, जमीन मोजणीच्या खात्यातून रिटायर झालेले. तीन बुधवार त्यांनी आमच्याकडे त्रासिक नजरेने बघितलं, चौथ्यांदा उठून आले आणि मुलांना म्हणाले ते समोरचं झाड किती उंच आहे सांगा. कोणी वीस फूट, कोणी शंभर.

पुठ्ठ्याचा काटकोन त्रिकोण कापला, दोन बाजू सारख्या. एक बाजू जमिनीला समांतर धरायची, तिरक्या बाजूवरून शेंड्याकडे बघायचं, शेंडा बरोबर रेषेत येईपर्यंत मागे-पुढे सरकायचं. मग खोडापर्यंतचं अंतर अधिक डोळ्यांची उंची म्हणजे झाडाची उंची. धाकटा उभा राहिला ते अंतर ९ मीटर ४० सेंटीमीटर, थोरली जवळ उभी राहिली, ९ मीटर २०. झालं, भांडण सुरू. माझं झाड उंच, नाही माझं बरोबर. आजोबा मध्ये पडले नाहीत, नुसतं म्हणाले अजून एक गोष्ट मोजायची राहिलीय. दोघांचे डोळे जमिनीपासून मोजले, धाकट्याचे १ मीटर १०, थोरलीचे १ मीटर ३५. एकाचं साडेदहा मीटर, एकीचं दहा मीटर पंचावन्न. उरलेले पाच सेंटीमीटर कोणाचे यावर आजोबा म्हणाले वाऱ्याचे.

सात वर्षांच्याला त्रिकोणमिती कळली असं काही मी म्हणत नाही. पण "उभं राहायची जागा बदलली तरी झाड तेवढंच" हे त्याला भांडून कळलं, आणि त्यासाठी समोर वेगळ्या उंचीचं मूल असणं गरजेचं होतं. शाळेच्या वर्गात सगळी साधारण एकाच उंचीची असतात की.

२९ जुलै

मुलांच्या मैदानी खेळाचं बघितलं. क्लबची सकाळची बॅच चालते, कोणी काही विचारत नाही. आंतरशालेय स्पर्धेला मात्र शाळेचा दाखला लागतोच, त्यावर डोकं आपटण्यात अर्थ नाही. वयोगटाच्या खुल्या स्पर्धा बघायच्या, त्यांना जन्मदाखला लागतो. विषय बंद.

१ ऑगस्ट

एका विज्ञान केंद्राला फोन केला होता. फक्त शाळेच्या सहली घेतो, किमान वीस मुलं, मुख्याध्यापकांचं पत्र हवं. तीन वेळा वेगवेगळ्या माणसाने तेच ऐकवलं, एकाने तर "शाळेत जात नाहीत तर विज्ञान कशाला" असंही म्हणून घेतलं. ऐकून घेतलं, दुसरं काय करणार.

मग ग्रंथपाल बाईंना विचारलं. त्यांनी ग्रंथालयाच्या बालसभासदांची भेट म्हणून लेटरहेडवर पत्र दिलं, सोसायटीतली शाळेत जाणारी मुलं शनिवारसाठी जोडून घेतली आणि वीसचा आकडा झाला. शाळा हा शब्द कागदावर कुठेच नाही आणि कोणी विचारलंही नाही. नवीन कोणी सुरू करत असेल तर माझं पहिलं सांगणं हेच असेल, की आधीपासून नोंदणी असलेल्या एखाद्या संस्थेच्या सावलीत बसा, ग्रंथालय, वाचक मंडळ, गिर्यारोहण क्लब, काहीही. घरच्या पत्त्यावरून पाठवलेलं पत्र कोणी उघडत नाही.

११ ऑगस्ट

आई आली आहे राहायला. पहिल्याच दिवशी, "अरे, ही मुलं चार माणसांत मिसळणार कशी?" यावर मी आधी लांबलचक उत्तरं द्यायचो. यावेळी तिला बुधवारी बरोबर नेलं. दोन तास बसली. येताना म्हणाली, त्या आजारी मुलीशी थोरली बरी वागली, पण धाकटा दुसऱ्याचं बोलणं पुरं होऊ देत नाही, त्याला सांग. बरोबर आहे तिचं. मिसळणं म्हणजे नुसती गर्दीत सोडणं नाही, कोणीतरी बघून असं नेमकं सांगायला लागतं, आणि आम्हाला ते रोजच्या सवयीने दिसत नव्हतं.

अजूनही तिला मुलं शाळेत जायला हवी आहेत. तिच्याशी वाद घालायचा नाही असं ठरवलंय. सुतारकाकांचंही तेच मत, मोजणीवाल्या आजोबांचं मत काय आहे ते मी विचारलंच नाही. यादी बघितली तर गंमत वाटते, मुलांना ज्यांच्याकडून सगळ्यात जास्त मिळालं त्यातल्या बहुतेकांना होमस्कूलिंग पटत नाही. त्यांना ते पटवून देत बसलो असतो तर फळी कापून झाली नसती.

२० ऑगस्ट

घडामोडी. अनस्कूलिंगवाल्यांनी येणं थांबवलं. ठरलेला वार आणि ठरलेली वेळ हीच त्यांना शाळा वाटते. मनापासून बोलले, भांडण नाही, मुलं अधूनमधून भेटतील. वाईट वाटलं, त्यांचा मुलगा पुठ्ठ्याच्या पुलांचा उस्ताद होता.

दुसरं म्हणजे एका नवीन पालकांनी इथेच अबॅकसचा क्लास घेऊ, फी लावू असं सुचवलं. नको म्हटलं. ते नाराज झाले म्हणून आज नियम लिहूनच टाकले, कागद टेबलावर चिकटवलाय. प्रत्येक मुलाचं मोठं माणूस जागेवर थांबणार. खोलीत कायम किमान दोन मोठी माणसं, एकट्याने कोणी मुलांना घेऊन बसायचं नाही, ओळखीचा असो नाहीतर अनोळखी. बाहेरून शिकवायला येणाऱ्याला पण हेच लागू. काही विकायचं नाही. अॅलर्जी आणि फोन नंबर रजिस्टरच्या मागच्या पानावर. मुलांचे फोटो विचारल्याशिवाय कुठेही टाकायचे नाहीत. सामानाचा हिशोब महिन्याच्या शेवटी.

दोन मोठ्यांच्या नियमावर एक बाबा म्हणाले एवढा अविश्वास कशाला. यात कोणावर अविश्वास नाही, नियम सगळ्यांना सारखा आहे म्हणूनच कोणाला वाईट वाटायचं कारण नाही. यावर मी हटणार नाही.

२८ ऑगस्ट

परीक्षेचा रस्ता. हे काम इतके दिवस पुढे ढकललं जात होतं कारण कंटाळवाणं आहे.

एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, १९८९ ची. दहावीसाठी किमान वय १४ पूर्ण, खाली मुक्त मूलभूत शिक्षणाचे अ, ब, क स्तर, साधारण तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीचे. एकदा अॅडमिशन घेतली की पाच वर्षांत नऊ संधी, एकेक विषय सोडवत गेलं तरी चालतं. हे मला सगळ्यात आवडलं, थोरली गणित आधी देऊन मोकळी होऊ शकते आणि भाषा सावकाश. मध्ये ट्यूटर मार्क्ड असाइनमेंट असतात, म्हणजे घरूनच लिहून जमा करायचे पेपर, आणि प्रॅक्टिकल असलेले विषय घेतले तर त्यासाठी केंद्रावर जावं लागतं.

दुसरा रस्ता केंब्रिजचा आयजीसीएसई, म्हणजे साधारण दहावीच्या पातळीची आंतरराष्ट्रीय परीक्षा, खासगी उमेदवार म्हणून. परीक्षा एखाद्या केंद्रामार्फतच देता येते आणि प्रत्येक केंद्र बाहेरची मुलं घेईलच असं नाही, म्हणून आधी केंद्र गाठायचं, मग विषय ठरवायचे. भौतिकशास्त्रासारख्या विषयांना प्रॅक्टिकलऐवजी लेखी पेपरचा पर्याय आहे, तो घरी शिकणाऱ्यांना बरा पडतो. फी पहिल्या रस्त्यापेक्षा कितीतरी जास्त.

थोरलीला दोन्ही समजावून सांगितलं. तिचा प्रश्न, "यात सुतारकाम आहे का?" नाही. "मग पहिलं." का ते कळलं नाही, पण तिला अजून तीन वर्षं आहेत, तोपर्यंत चारदा बदलेल.

रोजची नोंद मात्र आतापासून. दिवसाला दोन ओळी, काय केलं आणि कुठे अडलं, महिन्यातून एकदा कामाचे फोटो, वर्षाला एक फाइल. उद्या कुठल्याही शाळेत परत घालायची वेळ आली, किंवा अशा देशात राहायला गेलो जिथे फाइल मागतात, तर तेव्हा बसून आठवत राहण्यापेक्षा हे बरं. धाकट्याच्या फाइलमध्ये त्याने स्वतः रंध्याचा एक कुरळा सेलोटेपने चिकटवलाय आणि खाली "मी" लिहिलंय.

३ सप्टेंबर

आज मी गेलो नाही, ऑफिसचं काम होतं, ही पण नव्हती, शेजारच्या ताई आमच्या दोघांना घेऊन गेल्या. बुधवार व्यवस्थित झाला. आजारी मुलीच्या बाबांनी सर्किट आणलं होतं, बॅटरी, एलईडी आणि वायरी. एलईडी उलटा लावला की पेटत नाही यावरून धाकट्याने घरी मला भाषण दिलं.

१० सप्टेंबर

पुढच्या तीन महिन्यांचं वाटप केलं. दर महिन्याला एक कुटुंब बुधवार सांभाळेल, म्हणजे रजिस्टर, सामान आणि ग्रंथपाल बाईंशी बोलणं. ऑक्टोबर दुपारच्या शाळेवाल्यांकडे, नोव्हेंबर घंटावाल्यांकडे (घंटा आणायची नाही असं सगळ्यांनी एकमताने ठरवलं, ते पण हसले), डिसेंबर आमच्याकडे. आजींना विचारलं तर म्हणाल्या महिना नको, पण गोष्टी सांगायला दर वेळी येईन.

बाकी राहिलेलं : पावसाळी दिवसात व्हरांडा ओला असतो, रंगकामासाठी दुसरी जागा बघायची. तेरा-चौदा वर्षांची मुलं अजून एकही नाहीत, थोरलीला पुढच्या वर्षी लागतील, त्यासाठी नाटकाच्या ग्रुपकडे विचारायचं. सुतारकाकांना दिवाणखान्याचं मोठं काम मिळालंय, ते ऑक्टोबरमध्ये एकदाच वेळ देऊ शकतील, तोवर पाटाचे पाय घरी घासून ठेवायला सांगितलेत, ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर आधी, मग एकशे वीस. मोजणीवाल्या आजोबांना गच्चीवरून सोसायटीचा नकाशा काढायचाय मुलांकडून, त्यासाठी पन्नास मीटरचा टेप कोणाकडे आहे का ते ग्रुपवर विचारायचं.